इस्त्री केलेली भिंत

“उजेडमा दखा, सर,” असं म्हणून तो हातातली वस्तू घेऊन सरळ दाराकडे चालू लागायचा. वस्तू कोणतीही असो: साडी, टोमॅटो, हळदीची पुडी, मुलीचं प्रगतिपुस्तक. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा, वस्तू डोळ्यांसमोर तिरपी धरायची, एकदा डावीकडून बघायची, एकदा उजवीकडून, आणि मगच निकाल द्यायचा. आत बसून दिलेलं मत तो मत धरतच नसे. आपलं काम फाटकाबाहेर ठेवून घरी येणं ज्यांना जमत नाही, अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. हा त्यांतला पहिल्या नंबरचा.

शहराबाहेर पलसाण्याच्या एका मिलमध्ये तो कलरमास्टर होता. साड्यांवर छापायचे रंग जिथे ड्रमांत घोटतात त्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणतात. त्या स्वयंपाकघराचा हा आचारी. मूळचा खानदेशातला, राहायला शहरातल्या मराठी वस्तीत, डिंडोलीला. मी तिथल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्याला सगळे ‘मास्टर’ म्हणायचे आणि मला ‘सर’. पगार त्याचा जास्त होता, मान माझा जास्त होता. पुढचं सगळं या दुसऱ्या गोष्टीमुळे घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमची ओळख पालकसभेत झाली. त्याची मुलगी सातवीत माझ्या वर्गात होती. मी तिच्या अभ्यासाबद्दल बोलत होतो आणि हा माझ्या पँटकडे बघत होता.

“सर, राग नका मानू. शर्ट-पँट जोडीनं घेतलं का?”

“हो. का?”

“ट्यूबलाइटखाली घेतलं. उजेडमा या.”

आणि त्याने मला खरोखर हाताला धरून व्हरांड्यात नेलं. मी तपकिरी समजून दोन महिने घालत होतो ती पँट चाळीस पालकांसमोर शेवाळी निघाली. मग तिथेच उभं राहून त्याने मला समजावलं, की दोन चिंध्या दिव्याखाली जुळ्या बहिणी दिसतात आणि उन्हात धरल्या की एकमेकींचं नावही ओळखत नाहीत. मला इतका राग आला होता की सभा संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, “मी दुकानातच सांगत होते.” मग तो राग तिच्यावर निघाला.

माणसांनाही तो हाच नियम लावायचा. आमच्या संस्थेचे गुजराती अध्यक्ष पांढऱ्या सफारीत शाळेत आले, सगळ्यांशी हसून बोलले, निघून गेले. मास्टर फी भरायला आला होता. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाला, “ट्यूबलाइटचा माणूस शे.” मी हसलो. माझ्याबद्दल असं काही तो कधी म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

मिलच्या सुटीला तो प्रयोगशाळेत येऊन बसू लागला. कारण एक भांडण होतं. पांढऱ्या उजेडात सात रंग असतात, ते एकत्र केले की पुन्हा पांढरा होतो, असं मी त्याच्या मुलीला शिकवलं होतं. ती वही घेऊन तो माझ्याकडे आला होता.

“सर, बावीस वर्षं रंग घोटतोय. पाळी संपली की उरलेले सगळे रंग एका नालीत जातात. सात काय, सत्तर. ती नाली कधी पांढरी दिसली नाही. काळीच. पोरीला खोटं कशाले शिकवता?”

मी त्याला लोलक दाखवला. खिडकीला काळा कागद लावून एका भोकातून ऊन आत घेतलं आणि समोरच्या भिंतीवर पट्टा पाडला. मग सात रंगांची चकती मोटरवर फिरवून दाखवली. ती फिरताना रंग गेले आणि मळकट पांढरी वर्तुळाकार झाक उरली. मग त्याने स्वतः मोटर बंद केली, रंग परत आलेले पाहिले, पुन्हा सुरू केली. असं आठ-दहा वेळा केलं.

“पांढरामा इतलं शे?” तो म्हणाला. “आणि आम्ही त्याला कोरं म्हणतो.”

दुसऱ्या एका सुटीला मी त्याला सांगितलं, की सूर्यावरून निघालेला उजेड इथे पोचायला आठ मिनिटं लागतात.

“म्हणजे हे ऊन शिळं?”

“आठ मिनिटांचं शिळं.”

“आमच्या मिलमध्ये असतं तर ताजा माल म्हणून खपवलं असतं,” तो म्हणाला आणि आम्ही दोघं पोटभर हसलो. ते दिवस चांगले होते. पुढे मी जे केलं त्यामुळे ते वाईट होत नाहीत, एवढं तरी मला म्हणू द्या.

तेव्हा शाळेचं नवं सभागृह बांधून होत आलं होतं. आत शिरलं की समोर एक अख्खी भिंत: बत्तीस फूट लांब, बारा फूट उंच. दिवाळीनंतर उद्घाटन होतं आणि अध्यक्षांना त्या भिंतीवर ‘विज्ञानाचं काहीतरी भव्य’ हवं होतं. चित्रकार शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं. मास्टरने ती भिंत पाहिली, चालत इकडून तिकडे गेला, परत आला.

“सर, ही मला द्या.”

“तुम्ही साड्यांची डिझाइनं करता, मास्टर. ही भिंत आहे.”

“आम्ही छापलेली साडी दोन दिवाळ्या टिकत नही. नाव किनारीवर असतं, तेही मिलचं. अख्ख्या गावातल्या बायकांच्या अंगावर माझे रंग फिरतात आणि माझी बायको सोडून कोणाला ठाऊक नही. सर, एक तरी असं करू द्या, ज्याच्या कोपऱ्यामा मन्हं नाव राहील. नाव, गाव, तालुका.”

तिन्ही गोष्टी त्याने बोटांवर मोजून दाखवल्या. मी हो म्हणालो.

त्या वर्षी गणपती बुडवून लोक घरी आले आणि चार दिवसांत शहरात प्लेगची बातमी फुटली. पुढचं तुम्हाला माहीत असेल. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, औषधाच्या दुकानांपुढे रांगा, भुसावळकडच्या गाडीच्या टपावर बसलेले लोक. डिंडोलीच्या गल्ल्यांत कुलपंच कुलपं दिसू लागली. मिल बंद झाली, शाळा बंद झाली, शाळेचा शिपाईही गावाला पळाला. मास्टरने बायको-मुलीला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः स्टेशनवरून परत आला. मी राहिलो त्यात शौर्य नव्हतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला घेऊन त्या गर्दीत शिरणं शक्य नव्हतं. सभागृहाची किल्ली माझ्याकडे होती.

मिल बंद होताना त्याने ड्रमांत उरलेले रंग झाकणाच्या डब्यांत भरून आणले. ते नालीतच जाणार होते. वॉचमन त्याला म्हणाला, “ले जाओ मास्टर, जान बची तो हिसाब देखेंगे.” गवंड्यांची बांबूची परांची सभागृहात तशीच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. सकाळी ऊन आत आलं की सुरुवात आणि ऊन उतरलं की बंद. दिवा लावून त्याने एक रेघ ओढली नाही.

आधी त्याने भिंतीला चुन्याचा हात दिला आणि मग कापडाला देतात तशी चक्क खळ दिली. डावीकडे सूर्य काढला, परांचीच्या वरच्या फळीपासून जमिनीपर्यंत. तिथून उजेडाचा एक झोत निघून भिंतीच्या मध्यावर माणसाएवढ्या लोलकात शिरत होता, आणि लोलकातून सात रंगांचे सात रस्ते फुटत होते. त्या रस्त्यांवर सगळं होतं: पानं, पाणी, माग चालवणारे हात, दुकानाच्या पायरीवर साडी तिरपी धरून बघणारी बाई. अगदी उजव्या टोकाला एक मोठा डोळा. आणि खाली, जमिनीलगत, त्याचं कलर किचन. ड्रमांतून सांडलेले तेच सात रंग एका नालीत मिसळत, गडद होत, काळे होऊन वाहत होते. वर रंग मिळून पांढरे, खाली रंग मिळून काळे. माझं पुस्तक आणि त्याची नाली दोन्ही एकाच भिंतीवर आली. माझ्याशी झालेलं भांडण त्याने असं मिटवलं होतं. मी चांगली चित्रं फार पाहिलेली नाहीत, पण त्या भिंतीपुढे मला बसावंसं वाटलं आणि मी फरशीवर बसलो.

सूर्यापासून लोलकापर्यंतच्या झोतात त्याने काहीच रंग भरला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, “कापडावर पांढरा छापत नहीत, सर. पांढरा म्हणजे सोडलेली जागा.” तो अख्खा उजेड म्हणजे नुसता चुना होता. चुना-खळीनंतर त्याला त्याने हातही लावला नव्हता.

चूक झाली ती शेवटी कळली. चित्र वाळल्यावर त्याने ओली चिंधी फिरवली आणि चिंधी निळी झाली. ते रंग कापडाचे. मिलमध्ये छापलेलं कापड गरम पेटीतून जातं तेव्हा रंग पक्का होतो. भिंत कोणत्या पेटीत घालणार? साधा पाटी रंगवणाराही ही चूक करणार नाही; तो तैलरंग आणेल. ही चूक बावीस वर्षं मिलमध्ये राहिलेल्या माणसालाच सुचावी. दोन दिवस तो परांचीवर डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लाँड्रीवाल्याची जडशीळ विजेची इस्त्री घेऊन आला. लाँड्रीवाला गावाला पळताना किल्ली त्याच्याकडे देऊन गेला होता.

“भिंतीला इस्त्री करणार?”

“मग काय भिंत पलसाण्याला नेऊ?”

प्रयोगशाळेतली वायर जोडून जोडून मी परांचीपर्यंत पोचवली. मध्ये मलमलचा तुकडा धरायचा, वर तापलेली इस्त्री दाबायची, मनात शंभर मोजायचं, इस्त्री उचलायची, वीतभर पुढे सरकायचं. बत्तीस फूट गुणिले बारा फूट, तुम्हीच हिशेब करा. उभ्या भिंतीवर ती इस्त्री धरून त्याचा खांदा सुजला. एक दिवस मी म्हणालो, खालची नाली तरी मला करू द्या. जमिनीलगतचा दोन फुटांचा पट्टा मी केला. बोटाला फोड आला आणि त्याचं मला फार कौतुक वाटलं. संपूर्ण चित्रात माझा हात लागला तो एवढाच.

शेवटच्या दिवशी त्याने पांढरी चिंधी भिजवून भिंतीवर जोरजोरात घासली आणि दारात नेऊन माझ्यासमोर धरली.

“दखा, सर. कोरी.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात त्याने तळहाताएवढी जागा सोडली होती. नाव उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घालायचं ठरलं होतं.

दिवाळीनंतर लोक परतले. अध्यक्ष भिंत बघायला आले. आत शिरताच म्हणाले, “वाह!” मग झोताकडे बोट दाखवून म्हणाले, “आ शुं? हे काय? इथे रंग द्यायचा राहिला.” मास्टर मिलमध्ये होता. मी पुढे झालो. पांढऱ्या उजेडात सगळे रंग कसे असतात, म्हणून ती जागा मुद्दाम कोरी कशी सोडली आहे, खालची नाली का काळी आहे, आठ मिनिटं कशी लागतात. मी इतकं छान समजावलं की चित्र माझं झालं.

“सर, तुमचं डोकं म्हणजे कमाल. पाटीवर तुमचं नाव घालू.”

“रंगवलं मास्टरनी.”

“ए तो कारीगर छे. मोठे पाहुणे येणार, मिलच्या माणसाचं नाव सारुं नथी लागतुं, बरं दिसत नाही. आणि रंग कुठून आणले त्याने? मिलवाले शेठ पण येणार आहेत. नाव वाचून त्यांनी विचारलं तर?”

हे मात्र खरं होतं. त्याची नोकरी गेली असती. मला कारण मिळालं, आणि कारण मिळाल्याचा मला आनंद झाला. आज हे स्वच्छ दिसतं. तेव्हा मी स्वतःला त्याचा हितचिंतक समजत होतो.

त्याला मी तसंच सांगितलं. मास्टर, तुमच्याच भल्यासाठी. रंग मिलचे. शेठ येतायत. पोरीचं शिक्षण आहे. तो ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, “नुसतं गाव घालू? नाव नको, गाव?”

“कशाला उगीच,” मी म्हणालो.

तो कोपऱ्यापाशी उकिडवा बसला. डब्यातला तळाचा काळा रंग बोटाने काढून त्याने ती तळहाताएवढी जागा भरून टाकली, वर मलमल ठेवून इस्त्री दाबली आणि शंभर मोजले. मोठ्याने मोजले. मी उभा होतो.

संगमरवरी पाटीचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला: ‘संकल्पना व चित्र’ आणि पुढे माझं नाव. माझ्या आडनावात एक काना राहिला होता, तो मी घातला. बाकी मजकुराला हात लावला नाही.

उद्घाटनाला पाहुण्यांनी भिंत पाहिली आणि माइकवरूनच विचारलं, “हे कोणी काढलं?” अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला. पहिल्या रांगांत सगळी मुलं बसली होती, त्यांत मास्टरची मुलगी होती. ती गावाहून नुकतीच आली होती. भिंतीचं बापाने तिला काही सांगितलेलं नव्हतं. समारंभात दाखवू, असा त्याचा बेत होता. मी उठलो. हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. मागे पालकांच्या गर्दीत तो उभा होता आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. खोचकपणे वाजवत असता तर मला सोपं गेलं असतं. तो नीट, मनापासून, हात वर धरून वाजवत होता.

त्यानंतर तो प्रयोगशाळेत आला नाही. रस्त्यात दिसला की “सर” म्हणून मान लववायचा, सायकलवरून उतरायचासुद्धा, पण थांबायचा नाही. वर्षभराने त्याने कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये नोकरी धरली आणि घरही तिकडे नेलं. मुलगी मात्र दहावीपर्यंत बस बदलून आमच्याच शाळेत येत राहिली. शाळा बदलायला त्यानेच नको म्हटल्याचं मला कळलं होतं. मी दरम्यान मुख्याध्यापक झालो. भिंत बघायला दुसऱ्या शाळांचे लोक येत, मी त्यांना आठ मिनिटांचं शिळं ऊन सांगत असे, ते हसत. तो विनोद त्याचा होता, हेही मी कधी सांगितलं नाही.

तो गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, आणि तेही त्याच्या मुलीकडून. छातीचा आजार होता. ती आता कॉलेजात होती. एका दुपारी ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, “सर, सभागृहातली भिंत एकदा बघू?”

मी तिला घेऊन गेलो. जवळ जाऊन तिने भिंतीवर तळहात टेकवला आणि सूर्यापासून हळूहळू पुढे सरकवत नेला.

“उद्घाटनाच्या दिवशी घरी गेल्यावर मी पप्पांना विचारलं होतं,” ती म्हणाली. “त्यांच्या नखांत असले रंग होते ना, म्हणून मला वाटलं होतं, त्यांनीच काढलं. तर म्हणाले, ‘नही बेटा. सरनी काढं. मी नुसती इस्त्री फिराई.’ मी खूप हसले होते, सर. भिंतीला कोणी इस्त्री करतं का? पण ते शेवटपर्यंत तेच सांगायचे. दवाखान्यात बाजूच्या पेशंटलाही सांगितलं, की शाळेत सरांचं मोठं चित्र आहे आणि त्याला इस्त्री मी केली आहे.”

त्या उद्घाटनानंतर पोरीला अजून तीन वर्षं माझ्यासमोर बसायचं होतं. तिचा सर खोटा ठरू नये म्हणून त्या माणसाने माझं खोटं आपल्या घरात नेऊन ठेवलं होतं, आणि मरेपर्यंत जपलं होतं.

“कुठून कुठपर्यंत केली होती सर, पप्पांनी?”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पाटी तिच्या मागेच होती, तिच्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

“सगळी,” मी म्हणालो. “सगळी भिंत त्यांनी केली.”

तिचा चेहरा फुलला. “असं चित्र सुचायला केवढं डोकं लागत असेल, सर,” असं म्हणून ती वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.